‘राईस’ने गिळलेले शब्द

सुशिक्षित मराठी घरातील जेवणात ‘भात वाढू का?’ हा प्रश्न दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालला आहे. ‘थोडा राईस घ्या ना’ असा आग्रह होतो, ‘कुकरला राईस लाव’ अशी सूचना दिली जाते आणि मंगल कार्यालयातील वाढपीही ‘राईस, राईस’ असे पुकारत पंक्तीतून फिरतो. एका शब्दाने एवढे काय बिघडते, असे म्हणणाऱ्यांनी या एका शब्दाने किती शब्दांची जागा बळकावली, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

शेतात उभे असते ते कोकणात भात आणि देशावर साळ. ते कापून, झोडून, सडून हाती येतो तो तांदूळ. सडताना निघते ते तूस, मग कोंडा. तुटलेला दाणा ती कणी आणि न तुटलेला म्हणूनच देवाला व वधूवरांना चालणारी ती अक्षता. तांदूळ शिजला की पुन्हा भात, त्याचा एकेक दाणा म्हणजे शीत, पातळ शिजवला तर पेज. शालीपासून साळ, तंडुलापासून तांदूळ, भक्तापासून भात, अशी ही संस्कृतपासून चालत आलेली वंशावळ आहे. इंग्रजीत उभ्या पिकाला निदान ‘पॅडी’ हा वेगळा शब्द आहे. पण ‘राईस’ म्हणणाऱ्या मराठी माणसाने तोही घेतलेला नाही. म्हणूनच पाककृती सांगणाऱ्यांवर ‘कच्चा राईस’ आणि ‘शिजवलेला राईस’ असे म्हणण्याची पाळी येते. विशेषणांच्या कुबड्या घेतल्याखेरीज जो शब्द चालू शकत नाही, तो प्रगत म्हणून मिरवावा, हे नवलच! आणि ज्या मुलाला शीत ठाऊक नाही, त्याला शितावरून भाताची परीक्षा कशी समजावी?

यातील गंमत अशी की, इंग्रजी ‘राईस’चे मूळ ग्रीक-लॅटिनमार्गे पूर्वेकडे जाते आणि अनेक भाषाभ्यासक त्याचे नाते संस्कृत ‘व्रीहि’शी जोडतात. व्रीहि परदेशी गेला आणि साहेब होऊन परतला, तो घरच्या मंडळींना बाहेर काढण्यासाठीच!

भाषा प्रवाही असते, हा युक्तिवाद ठरलेलाच आहे. ती प्रवाही असते, हे मान्य. पण प्रवाहाने भर पडते की काठ खचतो, हे पाहायला नको काय? बटाटा आणि पाव पोर्तुगीजांबरोबर आले, कुकर इंग्रजीतून आला. वस्तू नवी, म्हणून नावही नवे. त्याबद्दल कोणाचीही तक्रार नाही. ‘फ्राइड राईस’ला कोणी हवे तर खुशाल फ्राइड राईस म्हणावे. परंतु वरणाबरोबरचा भात काही परदेशातून आलेला नाही.

जपानचे उदाहरण या संदर्भात डोळे उघडणारे आहे. तेथे उभ्या पिकाला ‘इने’, तांदळाला ‘कोमे’ आणि भाताला ‘गोहान’ म्हणतात. ‘गोहान’चा अर्थ जेवण असाही होतो. इंग्रजी शब्द जपान्यांनीही घेतला. मात्र सपाट ताटलीत, पाश्चात्त्य पद्धतीच्या पदार्थांसोबत वाढलेल्या भातालाच प्रामुख्याने ते ‘राइसु’ म्हणतात. वाडग्यातला भात गोहानच राहिला. पाहुण्याला ओसरीवर मान दिला, स्वयंपाकघराच्या किल्ल्या दिल्या नाहीत.

आपल्याकडे किल्ल्या तर दिल्याच, वर दामही मोजला जातो. सडीचा तांदूळ मागासलेला म्हणून ज्या घरांनी टाकला, तीच घरे आज ‘ब्राउन राईस’ चढ्या भावाने आणतात. कोंड्याचे तेल ‘राईस ब्रान ऑइल’ झाले की आरोग्यदायी ठरते! कोंड्याचा मांडा करणारी गृहिणी आपल्याला ठाऊक होती. येथे नुसत्या नावाने मांडा झाला. उकड्या तांदळाचेही तेच.

वास्तविक नावात केवढे मोल असते, हे शेतकऱ्याने ओळखले आहे. आजऱ्याचा घनसाळ आणि मुळशीचा आंबेमोहोर यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. घनसाळातील ‘साळ’ आणि आंबेमोहोरातील मोहोर काढून टाकला, तर उरते काय? वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आंबेमोहोराच्या संकरातून नवा वाण निघाला, तेव्हा त्याला त्याच परिसरातील नदीचे, इंद्रायणीचे नाव देण्यात आले. शहरातील दुकानात त्या तांदळाच्या पिशवीवर मात्र ‘इंद्रायणी राईस’ असे छापलेले दिसते, आणि तेही देवनागरीत.