रक्तदाब ठीक, पण रक्तप्रवाहाचे काय?

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की नाशिककरांचे लक्ष दुतोंड्या मारुतीकडे लागते. पाणी गुडघ्याला टेकले, कमरेला की गळ्याला, यावरून पुराचा अंदाज बांधला जातो. धरणाचा विसर्ग मात्र क्युसेकमध्ये मोजतात. पातळी आणि विसर्ग यांचे नाते आहे, पण पात्र आवळले तर थोड्या पाण्यातही पातळी चढते. रक्ताभिसरणाचेही तसेच आहे. रक्तदाब ही पातळी. हृदय दर मिनिटाला पुढे ढकलते ते रक्त हा विसर्ग.

निरोगी प्रौढाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलते. अवयवांना प्राणवायू मिळतो तो या प्रवाहातून. दंडाला पट्टा बांधून कळतो तो फक्त दाब. प्रवाह घटला की शरीर रक्तवाहिन्या आवळून दाब टिकवते. त्यामुळे ‘बीपी नॉर्मल’ असतानाही रुग्ण धोक्यात असू शकतो.

प्रवाह मोजण्यासाठी हृदयातून फुप्फुसाच्या धमनीपर्यंत नळी घालण्याची स्वान आणि गँझ यांची पद्धत १९७० पासून आहे. पण ती खर्चिक आणि जोखमीची. म्हणून दाबावरूनच प्रवाह ओळखण्याचा प्रयत्न जुना आहे. वरचा आणि खालचा दाब यांतील फरक हा प्रत्येक ठोक्यात बाहेर पडणाऱ्या रक्ताचा माग देतो, हे त्यामागचे तत्त्व. लिल्जेस्ट्रँड आणि झांडर यांनी १९२८ मध्ये हा फरक दोन्ही दाबांच्या बेरजेने भागण्याचे सोपे सूत्र मांडले. आज अतिदक्षता विभागातील काही यंत्रे धमनीतील दाबलहरीच्या आकारावरून असाच हिशेब क्षणोक्षणी करतात.

या आकड्याला अंतिम सत्य मानणे चुकीचे ठरेल. वयाबरोबर धमन्या ताठर होतात आणि दाबांतील फरक प्रवाह न वाढताही वाढतो. रक्तवाहिन्या आवळणारे औषध सुरू केले तरी गणित बिघडते. म्हणून यंत्राच्या अंदाजाला इकोसारख्या दुसऱ्या तपासणीची जोड हवी.

पण या तत्त्वाचा सर्वांत मोठा फायदा महागड्या यंत्राविना मिळू शकतो. डेंग्यूच्या रुग्णाचा दाब १२०/८० वरून १००/८० झाला, तर सरासरी दाब ९३ वरून ८७ इतकाच उतरतो; घाबरण्यासारखे काही दिसत नाही. दाबांतील फरक मात्र ४० वरून २० वर येतो, आणि वरील सूत्राने दर ठोक्यामागचा अंदाज जवळजवळ निम्मा होतो. डेंग्यूत हा फरक २० किंवा त्याहून कमी होणे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार शॉकचे लक्षण आहे.

तेव्हा तालुक्याच्या रुग्णालयातही डेंग्यू रुग्णाच्या तक्त्यावर ‘फरक’ असा एक रकाना हवा. त्याला लागते ती एक वजाबाकी. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच आहे. डॉक्टर आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणात ही सवय रुजवण्यासाठी त्याने पुढाकार घ्यावा. नातेवाइकांनीही ‘बीपी ठीक आहे ना?’ एवढ्यावर थांबू नये. हातपाय गार पडलेत का, लघवी होतेय का, हेही विचारावे. मारुतीची कमर दिसते म्हणून पूर ओसरला, असे धरून चालत नाही.