शाळेतील तास

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २२० दिवस व १००० तासांचे अध्यापन ठरवून दिले आहे. हे तास शाळेचे झाले; विद्यार्थ्याच्या पदरी त्यांतले किती पडतात, हा प्रश्न निराळा. शरीराने वर्गात आणि मनाने ओढ्याकाठी असलेला विद्यार्थीही हजेरीपटावर हजरच असतो!

परंतु ज्याला वर्गात बसणेच घडत नाही, त्याचे काय? बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडतात, ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. आईबापांबरोबर गेलेल्या मुलाचे जवळजवळ निम्मे शालेय वर्ष उसाच्या फडात सरते. मध्यंतरी वर्गात अपूर्णांक शिकवून होतात. पुढे गुणोत्तर आले की ते त्याला उमगत नाही, कारण खालची पायरीच निसटलेली असते. अशा मुलाला मंदबुद्धी म्हणणे हा अन्याय होय. उणे पडले आहेत ते त्याचे दिवस.

या मुलांना गावीच राहून शिकता यावे, म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय करण्यात आली. तेथे आईची सोबत नसते, आणि ते दुःख लहान नव्हे. तथापि रोजचा धडा चुकत नाही.