तूर पिकली, पैसा आटला

अकोल्याच्या जुन्या शहरात आमचे किराणा दुकान होते. वडील फारसे शिकलेले नव्हते. पण भाव वाढवताना त्यांचा हात सगळ्या मालावर सारखा फिरत नसे. मिठावर चार पैसे चढवायला ते कचरत नसत. फरसाणाचा भाव मात्र हलत नसे. कारण विचारले की म्हणत, "मीठ महाग झालं म्हून कोनी अळणी जेवत नाही. फरसाण महाग झालं तं पोरगं तसंच परत जाते."

पुढे कॉलेजात कळले, याला मागणीची लवचिकता म्हणतात; आल्फ्रेड मार्शलने 1890 च्या ग्रंथात ती मांडली. हिशेब साधा आहे. 20 रुपयांचे 100 पुडे खपले तर गल्ला 2000. भाव 22 केला आणि खप 80 वर आला, तर गल्ला 1760. तोच खप 97 राहिला, तर 2134. भाव वाढवून गल्ला वाढेल की घटेल, हे गिऱ्हाईक किती तुटते यावर ठरते.

हाच नियम उलटा फिरला की काय होते, ते आमच्या वऱ्हाडाने तुरीत भोगले. 2015 साली डाळ किलोला 200 रुपयांपर्यंत गेली. घरोघरी वरण पातळ झाले, पण ताटातून गेले नाही. तो भाव पाहून शेतकऱ्यांनी तूर पेरली, पाऊसही साथीला आला. देशाचे उत्पादन सुमारे 25.6 लाख टनांवरून 2016-17 मध्ये 48.7 लाख टनांवर गेले. पण डाळ स्वस्त झाली म्हणून कोणी दोन वाट्या वरण जास्त खात नाही! बोनससह 5050 रुपयांचा हमीभाव असताना बाजारात तूर त्याखाली विकली गेली. पोती वाढली, कापणी-मळणीचा खर्च वाढला. पैसा तेवढा वाढला नाही.

शेतकऱ्याला 'उत्पादन वाढवा' असा उपदेश करणाऱ्यांनी हा हिशेब कधी केला आहे का? घरची मागणी ताणली जात नसेल, तर जादा मालाला बाहेरची वाट हवी. ती तर 2006 पासून बंद होती. तुरीची निर्यात खुली झाली सप्टेंबर 2017 मध्ये, तोवर बहुतेकांची तूर पडेल भावात विकून झाली होती. डाळ महागली की गृहिणीसाठी सरकारने धावावे, हे योग्यच. पण तीच धावपळ भाव पडतानाही दिसायला हवी.

वडिलांच्या हाती निदान भावाची पाटी होती. तूर पिकवणाऱ्याच्या हाती तीही नसते.