पथ्य आणि फडताळ

आहारात पालट करण्याचा निश्चय बहुधा वैद्याच्या दारात होतो. त्याची कसोटी मात्र घरच्या फडताळापुढे लागते. रक्त तपासल्याचा कागद हाती पडतो, डॉक्टर साखर, तळण आणि मीठ यांस मर्यादा घालून देतात, रोगी मान डोलावतो आणि घरी येऊन पाहतो तो साखरेचा डबा काठोकाठ भरलेला, मैद्याची पिशवी अर्धी उरलेली, फरसाणाचे दोन-तीन पुडे, कोणी आणून दिलेला पेढ्यांचा खोका आणि मागच्या तळणीचे गाळून ठेवलेले तेल! या सामानाचे करावयाचे काय? हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, म्हणून पथ्यावर लिहिणारे त्याच्या वाटेस फारसे जात नाहीत. आमच्या मते मात्र पुष्कळांचे पथ्य येथेच मोडते. आणि ते मोडले नाही, तर घरातील दुसऱ्या कोणाची तरी प्रकृती मोडते. म्हणून या महिन्यात हाच विषय घेतला आहे.

विषय मूठभर रोग्यांपुरता आहे असे कोणी समजू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांस मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. आमचे चांदे हे मुळशी तालुक्यातील गाव. हा मुलूख आंबेमोहराचा. चिखलणीत आणि लावणीत दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या पानातला भाताचा ढीग त्याच्या अंगी लागत असे. आता हिंजवडीच्या कचेऱ्या जवळ आल्या, बैठे काम वाढले. ढीग मात्र तेवढाच राहिला. तेव्हा आहार बदलण्याचा प्रसंग आज घरोघर येतो. २०१८ च्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोन वेळच्या भोजनाची चर्चा महाराष्ट्रात किती रंगली होती, हे वाचकांस आठवत असेलच. मते कोणाची काहीही असोत, फडताळ सर्वांचेच भरलेले असते.

वर्ज्य ठरलेल्या पण घरात उरलेल्या अन्नाचा प्रश्न आमच्या पूर्वजांपुढेही होता आणि त्यांनी त्यास एक सुटसुटीत उत्तर दिले होते. ते उत्तर म्हणजे कांदेनवमी. आषाढ शुद्ध एकादशीस चातुर्मास लागावयाचा, त्यात कांदा, लसूण, वांगे वर्ज्य. म्हणून दोन दिवस आधी, आषाढ शुद्ध नवमीस, घरातील कांद्याची भजी, थालीपिठे, झुणका करून सर्वांनी पोटभर खावे आणि टोपली रिकामी करावी. इंग्लंडातही चाळीस दिवसांच्या उपवासापूर्वीच्या मंगळवारी घरातील अंडी, लोणी व दूध यांची धिरडी करून संपविण्याची जुनी रीत आहे. आपल्या कोकणातील बेने इस्राएल लोकांची तऱ्हा याहून निराळी. वल्हांडणाच्या दिवसांत आंबविलेले अन्न त्यांच्या धर्मास वर्ज्य. म्हणून त्यांच्या जुन्या बोलीत त्या सणास आंबट रसाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण, अशा अर्थाचे नाव होते. एकाने खाऊन संपवावे, दुसऱ्याने झाकून दूर ठेवावे. पण दिवस ठरलेला, हे दोहोंतही समान.

आता आजच्या घरांत काय चालते ते पाहू. डॉक्टरांनी साखर कमी करावयास सांगितली, तर आपण कांदेनवमी मांडतो. परंतु ती एका दिवसाची नसते. 'एवढा डबा संपू द्या, मग आणावयाचीच नाही,' असे म्हणत ती नवमी आषाढात सुरू होते आणि दिवाळीपर्यंत चालते. दिवाळीत तर पुन्हा डबे भरतात. शिवाय कांदेनवमीच्या मुळाशी असलेली एक गोष्ट आपण विसरतो. कांदा काही विष नव्हे; तो व्रतापुरता वर्ज्य, कार्तिकात पुन्हा पानात यावयाचा. पथ्यात वर्ज्य ठरलेला पदार्थ तसा नव्हे. जो खाल्ल्याने अपाय होतो म्हणून सोडावयाचा, तोच सोडण्यापूर्वी संपेपर्यंत खावयाचा, यात तर्क कोणता?

येथे थोडे गणित करू. समजा, दोन माणसांच्या घरात ५ किलो साखर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली घालून दिलेली मर्यादा प्रौढ माणसास दिवसाकाठी सुमारे ५० ग्रॅम, आणि शक्य तर २५ ग्रॅमच्या आत, अशी आहे. तीत मध आणि फळांचा गाळलेला रसही धरावयाचा. २५ ग्रॅमच्या हिशेबाने दोघांस ती साखर १०० दिवस पुरेल. आणि ही मर्यादा निरोगी माणसाची! म्हणजे 'एवढी संपू द्या' या तीन शब्दांत सव्वातीन महिन्यांचे अपथ्य दडलेले असते. वाचविले किती? फार तर दोन-अडीचशे रुपये. तेही वाचले असे म्हणवत नाही. कारण ते वाण्याच्या दुकानातच खर्च झाले. साखर खाल्ल्याने ते परत मिळत नाहीत, वर औषधाचा खर्च तेवढा वाढतो.

'पण अन्न टाकावयाचे कसे?' ही शंका आमच्या वाचकांच्या मनात प्रथम येईल आणि ती योग्यच आहे. पानात टाकू नये, हे वळण आपणांस लहानपणापासून लागलेले असते. तैत्तिरीयोपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाची निंदा अथवा अव्हेर न करणे यास व्रतच म्हटले आहे. ते व्रत आम्हांस मान्य आहे. परंतु अव्हेर न करणे म्हणजे नको असलेले अन्न पोटात कोंबणे नव्हे. पोट ही काही उकिरड्याची पर्यायी जागा नाही. भूक नसता, प्रकृतीस मानवत नसता, केवळ उरले म्हणून गिळलेला लाडू वाया गेला नाही असे कोण म्हणेल? तो वाया तर गेलाच, वर अपाय करून गेला.

आणि हा लाडू बहुधा कोणाच्या वाट्यास येतो, हेही आज स्पष्ट बोलले पाहिजे. यजमानांस मधुमेह झाला की त्यांचे पान निराळे होते. त्यांच्यासाठी ज्वारीची भाकरी, वाफवलेली भाजी आणि मोजका भात सिद्ध होतो. मुले कामानिमित्त दूर. मग उरलेले गोडधोड, कालची पुरी, फरसाणाच्या तळाचा चुरा संपविते कोण? घरची गृहिणी. 'टाकवत नाही हो,' असे म्हणून ती उभ्या उभ्या खाते; तिच्या त्या खाण्याची कोठे नोंद नसते आणि तिच्या रक्ताची तपासणीही पतीच्या नंतर दोन-चार वर्षांनी होते. अशी घरे आम्ही पाहिली आहेत. एकाचे पथ्य दुसऱ्याच्या अपथ्यावर उभे राहत असेल, तर त्यास पथ्य म्हणवत नाही. 'पथ्य' या शब्दाचा अर्थच मुळी पथापासून, म्हणजे वाटेपासून, न ढळलेले असा आहे; आणि घराची वाट सर्वांची एकच असते.

दुसरी तोड म्हणून आपण दानाकडे वळतो. घरात नको झालेले खोके कामास येणाऱ्या बाईंच्या हाती ठेवून आपण पुण्य केल्याच्या समाधानात असतो. या दानाची थोडी परीक्षा करावी. पदार्थ ताजा आहे, पुडा फोडलेला नाही, त्यावरील मुदत उलटलेली नाही, आणि आपण तो केवळ आपल्या प्रकृतीमुळे देत आहो, असे असेल तर तो खुशाल द्यावा. मात्र 'आम्हांस साखर वर्ज्य झाली आहे, तुमच्या घरी चालेल का?' असे आधी विचारावे. मधुमेह काही जात वा मिळकत पाहून येत नाही. त्या बाईंसही तो असू शकेल, आणि आपल्यासमोर नाही म्हणणे त्यांस जड जाते. परंतु जे शिळे, खवट वा वास लागलेले म्हणून आपण तोंडात घालणार नाही, ते दुसऱ्याच्या पदरात घालणे हे दान नव्हे.

तिसरी सवय गाईची. उरलेल्या पुरणपोळ्या, भात, पाव, पेढे पाटीत भरून गाईपुढे ओतले की आपण कृतार्थ होतो. चांद्यासारख्या ठिकाणी गोठे अजून जवळ असल्याने हे फार सहज घडते. गोग्रास हा घास आहे, पाटी नव्हे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटास गवत व कडबा यांची सवय असते. पीठ, भात वा गोड पदार्थ एकदम फार गेले, तर पोटात आम्ल वाढून जनावर चारा सोडते, पोट फुगते, प्रसंगी दगावतेही. गोठेवाल्यास विचारल्यावाचून काही घालू नये.

मग करावे काय? आम्ही सुचवितो ते असे. एक दिवस ठरवावा. हवे तर त्यास घरची कांदेनवमी म्हणावे. त्या दिवशी कुटुंबातील सर्वांनी मिळून फडताळ उपसावे आणि जिन्नसांचे तीन वाटे करावेत.

पहिला वाटा, जे कोणाच्याच पोटात जाऊ नये त्याचा. खवट शेंगदाणे, मुदत उलटलेले पुडे, आणि पुन्हा पुन्हा तापवलेले तेल. तळणीच्या तेलातील बिघाडाची मर्यादा शासनाने १ जुलै २०१८ पासून ठरवून दिली आहे. दूषित अंश २५ टक्क्यांवर गेल्यास ते तेल वापरता येत नाही. घरी ते मोजण्याचे साधन नसते. पण तेल काळवंडले, दाट झाले, लवकर धुरावू लागले की समजावे. ते मोरीत ओतू नये, नळ तुंबतात. अशा तेलाचे जैविक डिझेल करण्याची योजना २०१८ पासूनच आहे. जवळपास ते गोळा करणारे असतील तर बाटलीत भरून द्यावे, नसल्यास भुसा वा जुन्या कागदात जिरवून कचऱ्यात टाकावे.

दुसरा वाटा, जे एकास वर्ज्य पण दुसऱ्यास माफक चालेल त्याचा. साखर, गूळ, तांदूळ, लोणची, पापड हे त्यात येतात. जेथे माणसे पुष्कळ आहेत अशा नातलगाच्या घरी ते द्यावेत. दहा जणांत जिरलेली साखर कोणास बाधत नाही. मैदा उरल्यास त्याची खळ करावी. शाळेतील आमच्या काळी पुस्तकांची वेष्टणे या खळीनेच चिकटत, आणि अजूनही तिच्याइतके स्वस्त साधन नाही. कसर लागू नये म्हणून बांधणी करणारे तीत मोरचूद घालीत. ते विषारी असल्याने मुलांच्या घरात घालू नये.

तिसरा वाटा, जे ठेवणे अवश्य त्याचा. आणि येथे एक सूचना विशेष लक्षात ठेवावी. ज्यास मधुमेहासाठी इन्सुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या चालू आहेत, त्याच्या घरातून साखर मुळीच हद्दपार करू नये. घाम सुटणे, हात कापणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही रक्तातील साखर फार उतरल्याची चिन्हे होत. रोगी शुद्धीवर असून त्यास गिळता येत असेल, तर सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे, साखर पाण्यातून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, आणि नंतर डॉक्टरांस कळवावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे. याकरिता एक लहान डबी, नाव लिहून, सर्वांस ठाऊक असेल अशा जागी असावी.

फडताळ असे मोकळे झाले की एक मोह उद्भवतो, तो म्हणजे ते नव्या उत्साहाने पुन्हा भरण्याचा. बाजरीचे पाच किलो पीठ, ओटचे मोठाले डबे, कधी न चाखलेली बियाणी एकाच फेरीत घरी येतात. बाजरीचे पीठ तर थोड्याच दिवसांत कडवट होते. म्हणून धान्य आणावे आणि आठवड्यापुरते दळावे. नाही तर सहा महिन्यांनी हेच सामान 'टाकवत नाही' म्हणून आपल्याकडे पाहत बसेल.

खरे पाहता उरलेल्या अन्नाचा प्रश्न सुटतो तो वाण्याच्या यादीत. यादी लिहिणारा हात आणि पथ्य पाळणारे तोंड यांची गाठ पडली पाहिजे; म्हणून ज्याचे पथ्य, त्याने महिन्याची यादी करावयास स्वतः गृहिणीशेजारी बसावे. पुरुषवर्गास ही विनंती आम्ही आग्रहाने करतो. पाहुण्यांसही आधीच सांगून ठेवावे, की येताना खोका नको, चार फळे आणा. आणि वाचकभगिनींनी आपल्या पतीच्या पथ्याचा आरंभ होईल त्याच आठवड्यात आपलेही रक्त तपासून घ्यावे. त्यासाठी डबा रिकामा होण्याची वाट पाहू नये.