धरण फुटलं की जात नको, कागद मागा

पूल पडला, रस्ता खचला की पुण्यात एक वाक्य हमखास कानावर येतं : "कोट्यातले इंजिनिअर, दुसरं काय होणार?" कॉलेजात आपली पोरं हे ऐकून मान खाली घालतात. मित्रांनो, मान खाली घालू नका. समोरच्याला पानशेतबद्दल विचारा.

१२ जुलै १९६१. आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण पुरं होण्याआधीच फुटलं. त्या लोंढ्यानं खालचं खडकवासला धरणही फोडलं आणि नदीकाठचं पुणं पाण्याखाली गेलं. कारण काय? काम अपुरं असताना त्याच पावसाळ्यात पाणी अडवलं. धरणाखालून पाणी सोडणाऱ्या मोरीला सळयांचं काँक्रीट हवं होतं, तिथं साधे काँक्रीटचे ठोकळे वापरले. दरवाजे उचलायची यंत्रणा तयार नव्हती. मोरी खचली, तिच्यावरची माती बसली, पाणी माथ्यावरून वाहू लागलं. आदल्या रात्री जवानांनी रचलेली वाळूची पोती किती पुरणार?

आता सांगा, यात कुणाचे बारावीचे मार्क कमी पडले?

त्या इंजिनिअरांची जात शोधून उलटा टोमणा मारायचा मोह मात्र टाळा. तो त्यांचाच तर्क झाला. प्रकल्प तरतो किंवा बुडतो तो मुदत, साहित्य, तपासणी आणि "साहेब, काम पुरं नाही, पाणी अडवू नका" हे ऐकून घेणाऱ्या व्यवस्थेवर. गुणवत्ता यादीत यातलं काहीच मोजलं जात नाही.

बाबासाहेबांना हे पक्कं ठाऊक होतं. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रमखातं सांभाळताना त्यांनी दामोदर खोऱ्याची योजना पुढं नेली. नुसता पूर अडवून भागणार नाही; सिंचन, वीज, जलवाहतूक यांचा एकत्र विचार हवा, हा त्यांचा आग्रह. त्यासाठी नद्यांचा अभ्यास करणारी केंद्रीय तज्ज्ञ यंत्रणा १९४५ मध्ये उभी राहिली. आधी अभ्यास, मग बांधकाम, हा त्यांचा क्रम होता.

म्हणून पुढचा पूल पडेल तेव्हा सोशल मीडियावर भांडत बसू नका. माहिती अधिकारात अर्ज टाका : निविदेच्या अटी, साहित्याच्या चाचण्यांचे अहवाल, मुदत कुणी बदलली, पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही कुणाची. पूर आला की आधी नदीकाठची वस्ती बुडते, म्हणून हे कागद मागायचा पहिला हक्कही तिचाच आहे.

जय भीम!