मागचा दिवा कोणासाठी?

कॉलेजच्या गेटबाहेर उभ्या असलेल्या गाड्या जरा मागून बघा. लाल टेललाइट काळे व्हायला लागलेत. स्प्रेचा एक डबा, कडेने मास्किंग टेप, सोसायटीच्या पार्किंगमधली एक रविवार दुपार, की झाली गाडी 'स्मोक्ड'! दिसते भारी, मान्य. सेकंडहँड हॅचबॅकलाही रुबाब येतो.

'अरे, पण दिवा लागतो ना!' हे ठरलेलं उत्तर. लागतो. पण तो ब्रेकचा आहे हे मागच्याला किती लवकर कळतं, हा खरा प्रश्न. साध्या बल्बच्या गाडीत टेललाइट साधारण ५ वॅटचा आणि ब्रेकलाइट २१ वॅटचा असतो. वर रंग चढला की तुमचा ब्रेकलाइट इतरांच्या टेललाइटसारखा दिसायला लागतो. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला की ११ मीटर गेले, जवळजवळ तीन हॅचबॅकची लांबी. आणि काशिमिऱ्याच्या हायवेवर किंवा घोडबंदर रोडवर मागून येणारा कोण असतो? अनेकदा कंटेनर नाहीतर डंपर. त्यात जुलैचा पाऊस!

रिफ्लेक्टर तर कुणाच्या लक्षातच येत नाही. बऱ्याच गाड्यांत तो टेललाइटच्याच कव्हरमध्ये असतो, म्हणजे स्प्रे त्याच्यावरही बसतो. रात्री वर्सोवा पुलावर गाडी बंद पडली, बॅटरी गेली, तर मागच्याचा उजेड परत फेकून 'इथे गाडी उभी आहे' हे सांगणारा तोच. उजेड रंगातून आत जाताना अर्धा अडला, तर बाहेर येताना उरलेल्यातला अर्धा पुन्हा अडतो. मागच्या ड्रायव्हरच्या वाट्याला येतो पाव हिस्सा.

काचांवरच्या काळ्या फिल्मवर सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच बंदी घातली, ते सगळ्यांना माहीत असतं. दिव्यांचं मात्र 'चलता है'. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार गाडीत नियमाबाहेर बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तेही मालकाला. आणि आरसीवर नाव कोणाचं? बहुतेकांच्या घरी बाबांचं. स्प्रे मारताना त्यांना विचारलं होतं का, हे ज्याचं त्याला ठाऊक. ट्रॅफिक पोलिसांनीही नंबरप्लेट बघता बघता दोन पावलं पुढे जाऊन दिव्यांवर नजर टाकायला हरकत नाही.

रंग मारून झालाच असेल तर थिनरने पुसायला जाऊ नका. प्लास्टिकचं कव्हर पांढरट पडतं, तडकतं. बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासा, मग रबिंग कंपाउंड लावा. नाहीच निघाला तर नवीन टेललाइट बसवून घ्या आणि बिल स्वतःच्या पॉकेटमनीतून द्या.