टाळ्यांनी मोजलेले नेतृत्व

आरोग्यसेवेतील प्रत्येक अपयशावर हल्ली एकच उतारा सुचविला जातो : नेतृत्व-प्रशिक्षण. रुग्ण दगावले, परिचारिका संपावर गेल्या, औषधे संपली, की कोठेतरी वातानुकूलित सभागृहात दोन दिवसांचे शिबिर भरते. अधिष्ठाते, अधीक्षक, अधिपरिचारिका यांना प्रेरणा, संघभावना इत्यादी विषयांवर व्याख्याने ऐकविली जातात आणि अखेरीस एक अभिप्रायपत्रक भरून घेतले जाते. बहुसंख्यांनी ‘उत्तम’ या रकान्यात खूण केली की शिबिर यशस्वी झाल्याचा अहवाल वर जातो. लग्नाच्या पंगतीतून उठणाऱ्याला जेवण कसे होते असे विचारावे आणि त्याच्या ढेकरेवरून नवदांपत्याचा संसार सुखाचा होणार असे अनुमान काढावे, त्यातलाच हा प्रकार!

वास्तविक डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी अभ्यासकाने १९५९ सालीच प्रशिक्षणाच्या परीक्षेच्या चार पायऱ्या सांगून ठेवल्या आहेत. प्रशिक्षणार्थीला ते आवडले काय, तो काही शिकला काय, कामावर परतल्यावर त्याचे वर्तन बदलले काय, आणि संस्थेच्या कार्यात फरक पडला काय? साठांहून अधिक वर्षे लोटली तरी बहुतेक आयोजक पहिल्याच पायरीवर बसकण मारून आहेत. याचे कारण अज्ञान नव्हे. पहिली पायरी स्वस्त आहे आणि तेथे कोणीच नापास होत नाही. चौथ्या पायरीवर मात्र प्रशिक्षण देणाऱ्याचीच परीक्षा होते.

पण फरक पडला हे कोणी ठरवायचे? इंग्लंडमधील स्टॅफर्डच्या रुग्णालयाची कहाणी या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. २००५ ते २००९ या काळात तेथे रुग्णांची भयावह हेळसांड झाली. त्याच काळात चालकांनी खर्चात काटछाट केली, कर्मचारी कमी केले, आणि २००८ साली संस्थेला सरकारकडून स्वायत्ततेचा मानाचा दर्जाही मिळविला! वरिष्ठांनी दिलेल्या मोजपट्टीने पाहता हे यशस्वी नेतृत्वच होते. मृतांच्या नातेवाइकांनी नेटाने पाठपुरावा केला म्हणून चौकशी झाली आणि २०१३ सालच्या फ्रान्सिस अहवालाने २९० शिफारशी केल्या. तेथे प्रश्न नेत्यांच्या कौशल्याचा नव्हताच. ते कोणाला उत्तरदायी होते, हा होता.

याउलट उदाहरण अमेरिकेतील मिशिगन राज्याचे. २००३ पासून तेथील शंभरावर अतिदक्षता विभागांत मोठ्या शिरेत घातलेल्या नळीवाटे होणारा जंतुसंसर्ग रोखण्याची मोहीम झाली. प्रत्येक विभागातून एक डॉक्टर आणि एक परिचारिका यांना नेते म्हणून तयार केले गेले. हात धुणे, अनावश्यक नळी काढून टाकणे अशा पाच साध्या गोष्टींचा आग्रह होता. मात्र नियम मोडणाऱ्या डॉक्टरला थांबविण्याचा अधिकार परिचारिकेला दिला गेला, हे महत्त्वाचे. हजार नळी-दिवसांमागील संसर्गाचा मध्यम दर २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आला. येथे टाळ्या मोजल्या नाहीत, संसर्ग मोजला.

तरीही सावध राहिले पाहिजे. हीच मोहीम इंग्लंडने टप्प्याटप्प्याने राबविली, तेव्हा ज्या विभागांत ती अद्याप पोहोचलीच नव्हती तेथेही संसर्ग घटताना दिसला. टप्पे पाडले नसते तर सारे श्रेय मोहिमेच्या पदरात पडले असते! सर्वांत वाईट महिन्यानंतर शिबिर घेतले तर पुढचा महिना बहुधा बरा जातोच. तो शिबिरामुळे बरा गेला असे म्हणणे म्हणजे कोंबड्याने सूर्य उगवल्याचे बिल मागणे होय. म्हणून चिठ्ठ्या टाकून काही जिल्ह्यांत आधी आणि काहींत वर्षभराने प्रशिक्षण द्यावे आणि दोहोंची तुलना करावी. याला जादा पैसा फारसा लागत नाही. लागते ती नापास होण्याची तयारी.

आता आपल्या नांदेडकडे वळू. २०२३ च्या ऑक्टोबरारंभी तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले; त्यांत बारा नवजात अर्भके होती. रिक्त पदे आणि औषधांचा तुटवडा यांची चर्चा सुरू झाली, प्रशासनाने तुटवडा नाकारला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आणि एका खासदाराने काय केले? प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करविले. नेतृत्वाविषयीची आपली सरकारी समजूत या एका दृश्यात उघडी पडली आहे. ज्याला मनाजोगती पदे भरता येत नाहीत, त्याच्यावर व्यवस्थेचे सारे पाप लादावयाचे. प्रशिक्षण हे याच वृत्तीचे सभ्य रूप होऊ शकते : झाडूऐवजी प्रमाणपत्र, एवढाच फरक.

नेतृत्व शिकविता येत नाही असे आमचे म्हणणे नाही. परंतु ते शिकविल्याचा दावा करणाऱ्यांनी अधिष्ठात्यांना नव्हे, रात्रपाळीच्या परिचारिकेला आणि सफाई कामगाराला वर्षभराने विचारावे : चूक दिसली तर वरिष्ठांना निर्भयपणे सांगता येते काय? सांगितल्यावर काय झाले? चुकांच्या नोंदी वाढल्या तर दचकू नये. पुष्कळदा ते भय कमी झाल्याचे लक्षण असते. आणि अशा प्रत्येक शिबिराच्या अहवालात, अभिप्रायांच्या आधी, त्या रुग्णालयातील मंजूर पदे किती व भरलेली किती हे दोन आकडे छापण्याची सक्ती आरोग्य खात्याने करावी.